बॅटरी उतरायच्या आत

परवा वडगावात एका वरातीत आमचं गाणं वाजत होतं. वाजवणारी पोरं अंगात एकसारखे चकचकीत शर्ट घालून आली होती आणि ते गाणं कुणाचं, याचा त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, एवढं पळवता कशाला रे? त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाला, "ताई, हे गाणं असंच असतंय. हळू घेतलं तर मजा जाते."

असंच असतंय म्हणे. मी वाद घातला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. पण घरी आल्यावर वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणी विद्वान उठेल आणि या वेगाला कुठल्यातरी परंपरेत नेऊन बसवेल. ते गाणं पळतं, कारण ते जन्मलं तेव्हा त्याच्यामागे ट्रकची एक जुनी बॅटरी होती आणि ती कधीही उतरणार होती. उतरायच्या आत गाणं संपवायचं, एवढाच आमचा ताल.

मी आजवर लिहिलं ते पत्रकांत, आणि प्रत्येक पत्रक कुणाच्यातरी विरोधात होतं. आभाराचं लिहायचा सराव नाही. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

तेव्हा मी लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होते. संध्याकाळी आमच्या युवक मंडळाच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं. माझा विषय एकच. धरण आमच्या डोंगरात, पाणी आमच्या शिवारावर साठलेलं, त्यावर तयार झालेली वीज तारांतून मुंबईला जाते, त्या तारा आंदर मावळातल्या वाड्यांच्या डोक्यावरून जातात, आणि त्याच वाड्यांत संध्याकाळी रॉकेलची चिमणी पेटते. यात समजायला अवघड असं काय आहे? पण मी ते पाठपोट भरून लिहायची. "सबब", "तद्वतच" आणि शेवटी "जनतेने याचा गांभीर्याने विचार करावा." जनता माझ्या पत्रकात तंबाखू गुंडाळून ठेवायची.

एकदा सभेसाठी कर्णा मागायला बाजारातल्या माईकच्या दुकानात गेले. दुकान एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचं. सगळं लोणावळं त्यांना चाचा म्हणायचं. लग्न, गणपती, उरूस, प्रचार, सगळीकडे चाचांची मशीन आणि चाचांचे कर्णे. मशीन म्हणजे आवाज मोठा करायची ती पेटी; वीज नसेल तिथं ती ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालवायची. दुकानात त्यांचा पुतण्या दुरुस्तीला बसायचा. त्या वर्षांत गावात गल्लीगल्लीला ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्या निघाल्या होत्या. बुलबुलतरंगाला आमच्याकडे बँजोच म्हणतात. हा पुतण्याही एका पार्टीत बँजो वाजवायचा, पण त्यानं बँजोला जुन्या टेलिफोनमधला ऐकायचा भाग काढून जोडला आणि तो मशीनला लावला. आवाज असा निघाला की जणू लाकडाच्या वखारीत करवत सुरू झाली. एका लग्नात नवरदेवाची आजी कानावर हात ठेवून मांडवातून उठली आणि पार्टीनं त्याला काढून टाकलं.

त्यानं माझं पत्रक हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे वाचून होईस्तोवर माणूस घरी पोचतो. यातलं एक वाक्य द्या मला. चाल लावतो."

मला राग आला. वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी दिलं.

दुकानाच्या पायरीवर एक जण बसलेला असायचा. एका बंगल्यात बागकामाला होता आणि सुट्टी झाली की डालड्याच्या रिकाम्या डब्यावर बोटं चालवत बसायचा. आंदर मावळातल्या अगदी टोकाच्या वाडीतला. गावच्या उत्सवात ताशा वाजवणारा, म्हणून आम्ही त्याला ताशावालाच म्हणू लागलो. मी लिहिलं होतं, "दिवा कुठे गेला?" त्यानं डबा थांबवला. "असं कोन इचारतं? कुटं, म्हना." तेवढं बदललं आणि गाणं उभं राहिलं.

तार गेली डोक्यावरून, दिवा कुटं गं?
दिवा गेला मुंबईला, आमी हितं गं!

एवढंच. यात सबब नाही आणि तद्वतच नाही.

बुकिंग नसेल त्या दिवशी चाचा पुतण्याला मशीन न्यायला द्यायचे. आमचं काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, ऐकायलाही आले नाहीत. पोरगा मशीन जपतो एवढं त्यांना पुरे होतं. ही मशीन नसती तर बँजो म्हणजे नुसती टिणटिण आणि मी म्हणजे नुसता घसा. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळं यावरच आलं.

आम्ही तिघांनी एक गोष्ट ठरवली होती. सुपारी घ्यायची नाही. वाजवणाऱ्यांच्या धंद्यात ठरवाठरव झाली की बोलावणारा हातावर सुपारी ठेवतो. ती घेतली की त्या कार्यापुरतं पथक त्याचं, तो म्हणेल ते वाजवायचं. आम्हाला कुणाचं व्हायचं नव्हतं. ज्या वाडीनं भाकरी दिली तिथं वाजवायचं आणि आमचंच वाजवायचं. ऑर्केस्ट्रावाले हसायचे. बाजारातून जाताना मागून "बॅटरीवाले चालले" म्हणायचे. तेच आमचं नाव झालं. दुसरं ठेवायला सवड मिळाली नाही.

पहिल्यांदा ताशावाल्याच्या वाडीला गेलो तेव्हा एसटीनं जिथवर सोडलं तिथून पुढे पायी. बॅटरी काठीला बांधून दोघांच्या खांद्यावर, कर्णा माझ्या डोक्यावर. कर्ण्यात डोकं नीट बसतं, सावलीही पडते. वाडीवर पोचून मशीन जोडली आणि बँजोवाल्यानं चाचांकडून उचललेल्या सवयीनं सुरू केलं, "हॅलो, हॅलो."

बांधावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बोल की."

बँजोवाला गोंधळला. पुन्हा म्हणाला, "हॅलो."

"आरं बोल की. आयकतोय न्हवं आमी."

सगळी वाडी हसली. त्या म्हाताऱ्याचं काय चुकलं, मी अजून विचारते. एवढ्या लांबून माणूस आला, एवढा मोठा भोंगा लावला, हाक मारली, आणि आपण गप्प बसायचं? सुधारलेल्या गावांत ते शिष्टाचारात बसत असेल. पुढे ते आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचं तोंड झालं. आम्ही "हॅलो" म्हणायचो, माणसं "बोल की" म्हणायची आणि त्या "की"वर ताशा पडायचा.

त्या पहिल्या दिवशी चौथं गाणं अर्ध्यात असताना बॅटरी उतरली. करवतीचा आवाज घोगरा झाला आणि मग नुसताच श्वास. तेव्हापासून आम्ही पळायला लागलो. मी दोन कडवी काढून टाकली, बँजोवाल्यानं मधले सूर काढून टाकले, ताशावाल्यानं काढण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. गाणं सुरू झालं की बिबट्या मागे लागल्यासारखं सुटायचं.

लोकांना ते आवडलं. का आवडलं याचा मी पत्रकी थाटात बराच विचार केला, मग सोडून दिला. या वाडीवरून त्या वाडीवर बोलावणं जाऊ लागलं. जत्रेत आमच्यासाठी जागा राखून ठेवू लागले. बाया भात लावताना तारेचं गाणं म्हणू लागल्या, आणि लावणीचा वेग वाढला म्हणून एका मुकादमानं आमचे आभारही मानले, ते मात्र मी घेतले नाहीत. वडगावला बाजाराच्या दिवशी आम्ही कचेरीसमोरच्या झाडाखाली वाजवलं. एक कारकून खिडकीत येऊन म्हणाला, बंद करा, आत काम होत नाही. ताशावाल्यानं अगदी आदबीनं विचारलं, "भाऊ, आदी व्हत व्हतं का?" खिडकी लागली. पण आतून कुणीतरी टेबलावर ताल धरला होता, तो आम्ही ऐकला.

लोणावळ्यातही पोरं आमच्यामागे यायला लागली. कुणी बँजोला टेलिफोन जोडला, कुणी डबा घेतला. आमच्या गल्लीत मात्र माझ्याबद्दल बोललं जायचं. दोन पोरांबरोबर डोंगरात जाते, रात्री तिकडंच राहते. बोलणाऱ्यांपैकी एकानंही तारेबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांच्या घरात दिवा होता ना.

मी राहायची ताशावाल्याच्या मावशीकडे. तिनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. पहिल्याच मुक्कामी तिनं वाडीला सांगून टाकलं की ही माझ्या बहिणीची पोरगी. कुणी विचारलं, कुठल्या बहिणीची? ती म्हणाली, "हाये एक." विषय संपला. त्या दोन शब्दांवर मी आंदर मावळभर निर्धास्त हिंडले. माझ्या मंडळानं स्त्रियांच्या हक्कांवर काढलेल्या सगळ्या पत्रकांनी मला एवढं संरक्षण दिलं नव्हतं.

मग हंगाम आला. लोणावळ्याचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यात मुंबईची बंगलेवाली मंडळी हवा खायला येतात तो. एका बड्या हॉटेलच्या मालकानं आमच्याबद्दल ऐकलं आणि चाचांना गाठलं. हंगामभर रोज जेवणाच्या वेळी वाजवायचं. गाणी सिनेमातली. तारेबिरेचं नाही, पाहुण्यांच्या घशाखाली घास उतरायला हवा. मशीन आणि ती पोरं, दोन्ही एकदम हवीत. चाचांनी त्यांच्यापुरता होकार दिला. त्यांना दोष देत नाही. हंगामावर त्यांचं वर्ष चालायचं.

खरी पंचाईत बँजोवाल्याची होती. आम्ही तेव्हा वाडीवरच होतो, उत्सवासाठी. निरोप आला तेव्हा तो बराच वेळ बँजोच्या तारा पुसत बसला. मग म्हणाला, "ताई, भिंतीत वायर घुसवून एकदा तरी वाजवायचंय मला. बॅटरीची भीती न बाळगता. एक आख्खं गाणं."

मला संताप करायला कुणी सापडेना. मुंबईला जाणाऱ्या विजेतली थोडी त्यालाही हवी होती, आणि माझं सगळं गाणं त्याच्याबद्दलच तर होतं. मी म्हटलं, तू म्हणशील तसं. त्याला वाटलं मी रुसले. मशीन गेली तर आमचं काय उरतं, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलचा मॅनेजर स्वतःच आला. तरुण, गोरा, पायात बुटं, रुमालात नारळ आणि सुपारी. चाचांनी त्याला सांगितलं होतं, मशीनचं मी बोललो, पण पोरीचं तिच्या तिथल्या मोठ्या माणसाशी बोला, नाहीतर बरं दिसणार नाही. तो ओट्यावर बसला. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "आत जा." मला वाटलं चहा ठेवायला. मी चुलीपाशी गेले.

कुडाच्या भिंतीआडून ऐकू येत होतं. मॅनेजर म्हणाला, तुमची मुलगी आमच्याकडे हवी आहे, आमच्या साहेबांना पसंत आहे, ही सुपारी. मावशीनं विचारलं, घरदार काय? तो म्हणाला, मोठं हॉटेल आहे, बाग आहे, वीज आहे. राहायचं कुठं? मागच्या खोल्यांत. दारू चालते का तिथं? तो जरा अडखळला. म्हणाला, पाहुण्यांना लागते, पण मुलीला त्रास होणार नाही, मी स्वतः लक्ष देईन. इथवर ताशावाल्यानं तोंडात पंचा कोंबला होता, हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

मग मावशीनं विचारलं, "किती दिस ठेवनार?"

मॅनेजर म्हणाला, "हंगामापुरतं. पाहुण्यांना आवडली तर दिवाळीत पुन्हा बघू."

नंतर जे झालं ते मी दाराशी येऊन डोळ्यांनी पाहिलं. मावशीनं आवाज चढवला नाही. सुपारी उचलली, नारळ उचलला, दोन्ही त्याच्या रुमालात घातलं आणि रुमालाला गाठ मारली. "आमच्याकडं पोरी हंगामापुरत्या देत न्हाईत," ती म्हणाली. "पानी पिऊन जावा. ऊन लय हाये." तो माणूस खरंच पाणी प्यायला आणि गेला. काय चुकलं हे त्याला खाली लोणावळ्याला पोचेपर्यंत कळलं नसेल.

तो वळणाआड गेल्यावर ताशावाल्यानं पंचा काढला आणि मावशीला समजावलं. लग्नाची सुपारी नव्हती, गाण्याची होती. नुसतं गाणं न्यायला आला होता तो. बँजोवाला पोट धरून हसत होता, आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच. मावशी हसली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग येगळं काय हाये त्यात?" आणि चूल सारवायला गेली.

बँजोवाला हसता हसता थांबला.

पण धंद्याचा कायदा असा की सुपारी परत गेली म्हणजे बोलणं मोडलं. चाचांचा शब्द त्यात गेला; निदान मशीन तरी हॉटेलला पोचवायला हवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः वर आले, बरोबर एक हमाल, मशीन परत न्यायला. एवढ्या चढाची सवय नव्हती. टोपी काढून वारा घेत ओट्यावर बसले आणि मावशीला समजुतीच्या सुरात म्हणाले की ती सुपारी तशी नव्हती, तुमचा गैरसमज झाला.

"म्हाईत हाये मला," मावशी म्हणाली. "पोरं तुमाला चाचा म्हनत्यात न्हवं?"

"सगळेच म्हणतात."

"मंग चुलता झाला की तुमी पोरीचे."

चाचा उठले, मशीनपाशी गेले. हॉटेलात द्यायची तर ती धड आहे का, हे बघायला हवं. त्यांनी खटका दाबला, माईक हातात घेतला आणि आयुष्यभर केलं तेच केलं.

"हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग."

"बोल की!"

अंगणातून आलं, गोठ्यातून आलं, खालच्या खाचरातून आलं. पाणवठ्यावरच्या बायांनीही ओ दिली. आम्हाला त्याची सवय होती. चाचांना नव्हती. किती मांडवांत, किती सभांत हा माणूस हॅलो म्हणाला असेल, आणि एकदाही कुणी उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी माईक जरा लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग त्यात हळूच म्हणाले, "काय बोलू?"

कर्ण्यातून ते सगळ्या डोंगराला ऐकू गेलं. वाडी खो खो हसली. कुणीतरी ओरडलं, गाणं लावा. चाचांनी माईक माझ्या हातात दिला.

ती बॅटरी आदल्या दोन दिवसांच्या उत्सवात पिळून निघाली होती. आम्ही सुटलो. तार गेली डोक्यावरून. बँजोवाला असा वाजवत होता की जणू त्या यंत्रात शिल्लक असेल तो थेंबन् थेंब त्याला आजच हवा होता. तिसऱ्यांदा "दिवा कुटं गं" म्हणताना करवत घोगरी झाली, माझा आवाज कर्ण्यातून गळून माझ्या तोंडाशी आला, आणि पुढचं सगळं वाडीनं म्हटलं. चाचा उभ्या उभ्या ऐकत होते. वर बघत होते, तारांकडे. वीस-पंचवीस वर्षं या गावांतून कर्णे बांधत हिंडलेला माणूस. त्या तारा त्यांनी पाहिल्या नसतील असं नाही.

गाणं संपलं तसा हमाल मशीन उचलायला पुढे आला. चाचांनी त्याला हातानं थांबवलं.

बँजोवाला मान खाली घालून म्हणाला, "चाचा, मी येतो हॉटेलला. तुमचा शब्द गेलाय."

"तू ये," चाचा म्हणाले. "हंगामभर माझ्याबरोबर दुसरी मशीन सांभाळ. भिंतीतली वीज बघून घे एकदा. सुट्टीच्या दिवशी वर ये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, ही हिथंच राहू दे. दवापासून जपा तिला."

बँजोवाल्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. तो हॉटेलात हंगामभर राहिला, हॉटेलनं आणलेला ऑर्केस्ट्रा निघून गेल्यावर प्लग लावून एकदा आख्खं गाणं वाजवूनही आला. आल्यावर म्हणाला, आवाज मोठा होता, पण तिथं कुणी बोल की म्हणालं नाही.

त्या वाडीत अजून वीज आलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवते. त्याबद्दलचं पत्रक स्वतंत्र काढीनच. पण त्या मशीनवर आम्ही पुढची सगळी वर्षं गायलो, आणि ज्यांना आमची गाणी पळताना ऐकून मजा वाटते त्यांनी आभार मानायचे तर मावशीचे आणि चाचांचे मानावेत. आम्ही तिघं नुसते घाईत होतो.

त्या दुपारी हमाल रिकाम्या हातानं पुढे निघून गेला होता. मशीन राहिली, पण उतरलेली बॅटरी चार्जिंगला खाली न्यायलाच हवी होती. ताशावाल्यानं ती काठीला बांधली आणि दुसऱ्या टोकाला कोण म्हणून इकडेतिकडे पाहिलं. चाचांनी टोपी घातली, वाकले आणि ते टोक खांद्यावर घेतलं. आम्ही नको नको म्हणत राहिलो. ते दोघं उतार उतरू लागले, मधे बॅटरी झुलत होती.

खालच्या खाचरात गोवऱ्या गोळा करणाऱ्या एका बाईनं कमरेवर हात ठेवून त्यांना पाहिलं आणि चिडवायला हाक मारली, "हॅलो!"

चाचांनी मागे वळून पाहिलं नाही. काठी सावरत म्हणाले, "बोल की."